मंगफमधलं ब्राशोव

रोमानियाचा व्हिसा नाकारल्याचा मेल आला, तेव्हा सुदेश पेंढारकरचा कुवेतच्या मंगफमधल्या अख्ख्या बिल्डिंगचा निरोप घेऊन झाला होता. बँकेतल्या लोकांना, खालच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या झहूरला, लिफ्टमध्ये भेटेल त्याला त्याने ब्राशोव शहर स्वतः बघण्याआधीच दाखवून टाकलं होतं. आगीत काळवंडलेलं ते काळं चर्च, डोंगरावर जाणारी केबल कार, आणि समोरून कुणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागेल अशी दोरीची गल्ली.

त्याची बायको मुक्ता म्हणाली, सरळ खरं सांगून टाकू. पण आता तोंड कसं दाखवायचं, म्हणून सुदेशने तोंड न दाखवण्याचाच मार्ग काढला. रजा घरातच काढायची. पडदे ओढले गेले. वास बाहेर जाऊ नये म्हणून आमटीची फोडणी बंद झाली. टीव्हीचा आवाज बंद करून दोघं ब्राशोवच्या चौकात फिरू लागली.

एका दुपारी केबल कार निम्म्या डोंगरावर असताना दाराच्या कुलपात किल्ली फिरली. तुळशीला पाणी घालायला खालच्या मजल्यावरच्या चारुताला किल्ली दिलीय, हे दोघंही साफ विसरली होती. टीव्ही बंद करून दोघं बेडरूममध्ये पळाली.

तुळशीला पाणी मिळालं, पण चारुता जाईना. एसी चालूच राहिलाय की, असं पुटपुटत तिने चहा टाकला, चिवड्याचा डबा उघडला आणि सोफ्यावर आडवी झाली. फोन वाजला तसा तिचा आवाज एकदम थकला. "नाही हो आई, इतक्यात कशी येऊ? बागच आहे इथे. अर्ध्या कुंड्या राहिल्यात अजून."

घरात कुंडी एकच होती. मुक्ताला हसू आवरेना. ते दाबायला तिने सुदेशच्या पाठीत तोंड खुपसलं, तो कपाटावर आदळला आणि वरची प्रवासाची बॅग धाडकन खाली आली.

चारुता चिवड्याची मूठ तशीच धरून दारात उभी राहिली. लेंगा-बनियनवरच्या सुदेशला दुसरं काही सुचेना.

"व्हिसा मिळाला नाही," तो म्हणाला.

मग चारुताचंही बाहेर आलं. सांगलीहून सासूबाई आल्यापासून तिची एकही पोळी पास झाली नव्हती. दुपारची ही तुळस, एवढाच काय तो विसावा.

खरं बोलून सुदेशला अनपेक्षितपणे हलकं वाटलं होतं. आता खाली जाऊन सगळ्यांनाच सांगतो, म्हणून तो शर्ट शोधू लागला. चारुता दारात आडवी आली.

"भावोजी, एवढं नका करू. सासूबाई शुक्रवारी जातायत. तोवर रोमानियातच थांबा."

संध्याकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला. पेंढारकरांना ब्राशोव इतकं आवडलंय की त्यांनी मुक्काम वाढवलाय. झाडं तिच्याकडेच आहेत.

पडद्याआड बसून सुदेशने त्याखाली मुकाट्याने अंगठा ठेवला.