टीव्हीतला दिवस

निपाणीच्या कलगोंडा आप्पांना नातीच्या लग्नाची फार घाई झाली होती. "क्षमा बेळगावात नोकरी करत्या, सुट्टीला येत्या ती टीव्हीला जोडायचा गेमचा डबा घेऊन. आता थांबायचं कशाला?" असं ते भेटेल त्याला सांगत. चिकोडीच्या भूपालअण्णांच्या मुलाचं, वृषभचं, स्थळ आलं, तेव्हा आप्पांनी लगेच रविवार ठरवला. अण्णा आणि त्यांच्या पत्नी अक्काताई मुलगी बघून, दिवस मावळायच्या आत जेवून जाणार होते. दोन्ही घरं जैनांची; रात्रीचं जेवण नाही.

पद्मावती आजींनी खपली गव्हाची खीर केली आणि क्षमाला बजावलं, "तो डबा झाकून ठेव. पोरगी खेळत बसत्या म्हणतील."

क्षमाने झाकला. उघडला आप्पांनी! त्या गेममध्ये त्यांनी शेत केलं होतं आणि टोमॅटोला पाणी द्यायचं राहिलं होतं. टीव्ही नीट दिसावा म्हणून त्यांनी खिडकीचा पडदाही ओढला.

पाहुणे आले. अक्काताई स्वयंपाकघरात गेल्या. भूपालअण्णा क्षमाला काही विचारणार, तोच त्यांची नजर टीव्हीवर गेली.

"आप्पा, टोमॅटो लई दाट लावलाय."

"दाट? कालच तोडा झालाय."

"आणा तो रिमोट इकडं."

"अण्णा, माझं रान हाय ते!"

कुठलं बटण कधी दाबायचं ते क्षमा दोघांना सांगू लागली. मुलगी बघायचं राहूनच गेलं. एवढ्यात टीव्हीतला सूर्य डोंगराआड गेला आणि भूपालअण्णा दचकून उठले.

"दिवस बुडाला की! आता पाणीबी चालायचं न्हाय!"

आजी हातातल्या पळीसकट धावत आल्या. "अगं बाई, खीर तशीच हाय!" त्यांचे डोळे भरले.

क्षमाने पडदा सारला. समोरच्या तंबाखूच्या वखारीवर लख्ख ऊन पडलं होतं. "अण्णा, गेममधला दिवस लवकर संपतो," ती म्हणाली.

सगळे हसले. क्षमा ताटं घ्यायला आत गेली. "एवढे टोमॅटो तोडून आलोच," असं म्हणत दोघांनी पडदा पुन्हा ओढला.

बऱ्याच वेळाने आतून पुन्हा आजींची हाक आली, "अहो, दिवस बुडाय लागला!"

"टीव्हीतला गं तो!" आप्पा म्हणाले. "एकदा फसलो, आता न्हाय."

भूपालअण्णांनी टीव्हीकडे निरखून पाहिलं. "टीव्हीत तर आत्ता उजाडलंय."

"मग बुडतोय कुठला?"

दोघेही विचारात पडले. विचार संपेना, तेवढ्यात टोमॅटोला पाणी द्यायची वेळ झाली. शेवटी अक्काताईंनीच येऊन पडदा बाजूला सारला, तेव्हा रस्त्यावरचा दिवा लागला होता आणि वखार अंधारात गेली होती.

ताटं वाढलेली, पण जेवणारं कुणी नाही. पाहुणे उपाशी निघाले म्हणजे स्थळ गेलंच, असं आजींनी धरलं. पण दारात अक्काताई म्हणाल्या, "वैनी, हे माणूस आजवर कुठल्या पोरीच्या घरी एवढा वेळ बसलं न्हाय. उद्या उजाडल्यावर येतो. वृषभला घेऊनच येतो."

"त्यांना येतं का हे खेळायला?" क्षमाने हळूच विचारलं.

"त्याला कुठलं यायला!"

"मग मी शिकवीन."

सकाळी आजींनी सगळे पडदे काढूनच टाकले. ताजी खीर झाली, पोटभर जेवणं झाली. वृषभ आणि क्षमा अंगणात बोलून हसतच परत आले.

"मग याच महिन्यात उरकूया," भूपालअण्णा म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "आणि तो डबा?"

"माझा हाय," क्षमा म्हणाली. "मी जाईन तिकडं येणार."

आप्पांचा खिरीचा चमचा अर्ध्यावर थांबला.

"अण्णा," ते म्हणाले, "पोरगी अजून लहान हाय. एवढी घाई कशाला?"