घोरपडीचा सुटा सल्ला

एका जंगलात, नाव इचारायचं न्हाई, एक साळिंदर राहत हुता. मागच्या रांगेतल्यांनी बडबड बंद करा, न्हाईतर मी उठून जाईन. तर साळिंदर. नाव रंगोबा.

रंगोबानं सिंहाच्या वाड्याच्या दारावर तीस पावसाळं राखण केली. दात झिजलं, तवा सिंहानं त्येच्या हातात नारळ दिला, पाठीवर शाल टाकली. शाल काट्यात अडकून फाटली, ती गोष्ट येगळी. वर चाळीस पोती भुईमुगाच्या शेंगा दिल्या आन् घरी घालवलं.

चाळीस पोती अंगणात उतरली आन् रंगोबाची झोप उडाली. खायच्या किती? पेरायच्या किती? ठेवायच्या कुठं? पाऊस तीन आठवड्यांवर आलेला. भिजल्या तर बुरशी. उंदरांना कळलं तर नुसती टरफलं. आन् एकेचाळिसावं पोतं कुठनं यायचं न्हाई. रंगोबा आन् त्येची बायकू सगुणा, दोघांचं म्हातारपण त्या पोत्यांत भरून अंगणात पडलेलं.

"कुणा जाणत्याला इचारावं," रंगोबा म्हणला. "काय असंल ती मजुरी द्यावी. त्येनं त्येच्या वाटंनं जावं, आपण आपल्या."

मागणं बघा किती साधं. पंक्चर काढणारा पैसं घेतो आन् मोकळं करतो. जन्मभर तुमच्या चाकामागं पळत येतो का? न्हाई ना. पर त्या जंगलात सल्ल्याची रीत येगळी हुती. ज्येचा सल्ला घ्यायचा, त्येचा गंडा मनगटाला बांधायचा. बांधला की मरंस्तवर सुटायचा न्हाई. दरसाल गंडेवाल्याला वाटा द्यायचा. त्येनं सल्ला द्यावा, न्हाईतर झोपा काढाव्या.

रंगोबा पयला गेला कोल्हेसाहेबाकडं. कोल्हेसाहेब जाकीट घालून वडाखाली बसायचा. त्येनं रंगोबाला गार पाणी दिलं, सगुणावैनींचं गुडघं कसं हायत ते इचारलं. रंगोबानं इचारलं, सल्ल्याचं किती?

"छे छे," कोल्हा म्हणला. "तुमच्याकडनं सल्ल्याचं पैसं घेऊ व्हय? आपलं नातं हाय. शंभर शेंगांमागं दोन शेंगा, दरसाल. बास."

"किती साल?"

"नात्याला का साल असतंय, रंगोबा?"

आन् बोलता बोलता त्येनं गंडा काढला. रंगोबाचं डोकं सटकलं. साळिंदराचं डोकं सटकलं की काय हुतं, ठाऊक हाय ना? सगळं काटं उभं. कोल्ह्याच्या पंजात चार घुसलं. कोल्हा हसत म्हणला, "काय घाई न्हाई, सावकाश इचार करा." हसताना डोळ्यांत पाणी हुतं बिचाऱ्याच्या.

मंग वानरांच्या टोळीनं जेवायला बोलावलं. फुकट जेवण, ताटात दोन दोन जिलब्या. जेवण झाल्यावर दार लावून घेतलं आन् सांगाय लागलं, पोती आमच्या ढोलीत टाका, वीस सालानं दुप्पट घ्या. रंगोबानं इचारलं, वीस सालानं मी कुठं असंन? वानरं म्हणली, त्येचीबी सोय हाय, वारसाचं नाव लिवा. रंगोबा खिडकीतनं उडी मारून आला. जिलबी मातुर खाल्ली हुती त्येनं.

दोन आठवडं असंच गेलं. सगुणानं बोलणं सोडलं आन् भांडी आपटणं सुरू केलं. शेवटी तीच म्हणली, "बायजाक्काकडं जा की."

बायजाक्का म्हंजे घोरपड. वढ्याच्या कड्यावर कपारीत राहायची. ती सुटा सल्ला द्यायची, गंडा न्हाई काय न्हाई, असं म्हणत. पर तिच्याकडं काळं कुत्रं जायचं न्हाई. का? तर घोरपड. घोरपडीनं धरलं की भिंत सुटंल, घोरपड सुटायची न्हाई, ह्ये लहानपणापासनं ऐकलेलं. कोल्ह्याला आनंदानं मनगट देतील, आन् घोरपडीला भितील. असलं जंगल.

रंगोबा भीत भीत गेला.

"धा शेंगा," बायजाक्का म्हणली. "आधी."

शेंगा मोजून घेतल्या. मंग इचारलं, खाणारी तोंडं किती, दात कसलं हायत, छप्पर कुठं गळतंय, मेव्हणा हाय का. रंगोबानं सगळं सांगिटलं. बायजाक्कानं डोळं मिटलं, उघडलं.

"चार पोती औंदा खायला. दोन बियाणाला. दोन दुखण्याखुपण्याला, त्येला हात लावायचा न्हाई. बाकीची तीन जागी ठेव, सगळी एका बिळात नको. पावसाच्या आधी उचल. मेव्हण्याला सांगू नको. जा."

"एवढंच?"

"एवढंच. परत येऊ नको. आलास तर परत धा शेंगा पडतील."

आन् ती पाठ फिरवून शेंगा फोडाय लागली.

संपली गोष्ट? संपाय पायजे हुती. सल्ला पक्का, पोती अंगणात, दिवस कोरडा. उचलायची आन् ठेवायची. पर रंगोबा उंबऱ्यावर बसला आन् आपलं मनगट बघाय लागला.

धा शेंगांत खरा सल्ला मिळंल व्हय? तिनं पाणी इचारलं न्हाई. गुडघ्यांचं इचारलं न्हाई. वर शेजारचा ससा दोन दोन गंडं दाखवत म्हणला, "तुमचं कोण बघतंय, रंगोबा?" रंगोबाला 'कुणी न्हाई' म्हणताना पोरकं झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो परत कड्यावर. धा शेंगा. बियाणाला दोनच म्हणली ना? व्हय, दोनच. तिसऱ्या दिवशी परत. तीन जागी म्हंजे तीनच का, चार चालतील? चौथ्या दिवशी नुसताच गेला, बायजाक्का बरी हाय का बघाय. तवाबी धा शेंगा घेतल्या तिनं. पाचव्या, सहाव्या दिवशी परत. बाई कपारीत आत आत सरकाय लागली. घोरपड भिंतीला धरती म्हणत्यात. ही घोरपड भिंतीतनं पलीकडं निसटायची वाट शोधत हुती.

सातव्या दिवशी आभाळ काळं झालं. सगुणा अंगणात उभी ऱ्हाऊन म्हणली, "पाऊस डोक्यावर आलाय. पोती उचला, न्हाईतर मलाच उचला."

"आलोच," रंगोबा म्हणला, आन् कड्याकडं पळाला.

बायजाक्कानं त्येला बघितलं. शेंगा मागितल्या न्हाईत.

"रंगोबा, तुला सल्ला नकोय," ती म्हणली. "तुला गंडा पायजे."

रंगोबानं मान खाली घातली. सगळं काटं आपसूक निजलं.

बायजाक्कानं वाळल्या गवताची काडी वळली आन् त्येच्या मनगटाला बांधली. "दर पुनवंला पन्नास शेंगा. मी काय सांगणार न्हाई. तू आलास की 'असू दे' म्हणीन."

"आता म्हणा की एकदा."

"असू दे."

रंगोबा वाऱ्यासारखा घरी आला. दोघांनी मिळून पोती उचलली. तीन जागी, बाई म्हणली हुती तशीच. शेवटचं पोतं आत गेलं आन् पावसानं अंगण धुऊन काढलं. एक शेंग भिजली न्हाई.

पुढच्या पुनवंला रंगोबा कड्यावर गेला, तर रांग लागलेली. सशाचा तिसरा गंडा आता घोरपडीचा हुता. खरं तर गवताचा, पर मान मोठा. बायजाक्का पाटावर बसून एकेकाला 'असू दे' म्हणत हुती, आन् अंगानं चांगली गुटगुटीत झाली हुती.

रांगेच्या शेवटाला एक मुंगूस हुतं. मुठीत धा शेंगा. बिळात पाणी शिरतंय, धान्य कुठं हलवू, एवढंच इचारायचं हुतं त्येला. एकदाच. गंडा नको.

बायजाक्कानं त्येला वरपासनं खालपर्यंत बघितलं. "सुटा सल्ला बंद केलाय बाबा," ती म्हणली. "मनगट फुडं कर."

तात्पर्य: वाजवी पैशात एकदाच सल्ला देऊन मोकळं सोडणारं जगात कुणीच न्हाई, असं रडत बसू नका. हुती एक. तिनं सोडलं हुतं. आपणच सुटलो न्हाई.