इमामचाचाची चाळीस शिंगं

आमच्या इमामचाचाच्या घरात एकच खोली कोरडी होती, आणि तिच्यात म्हशीची शिंगं राहत. चाचा स्वतः पडवीत. पावसाळ्यात पडवी गळायची, तेव्हा हा माणूस डोक्यावर पोतं घेऊन बसायचा आणि वर मलाच समजावायचा, "आपलं काय बावा, भिजलो का वाळतो. शिंगाले ओल लागली का गेलं!"

चाचा कमानगर, म्हणजे धनुष्यं करणारा. नुसत्या बांबूची नव्हेत. लाकडाला आतून शिंगाची पट्टी, बाहेरून जनावराची वाळवलेली नस, आणि सगळं सरसानं चिकटवलेलं. असलं धनुष्य शेवटचं कोणी मागितलं, हे अख्ख्या अमरावतीत कुणाला आठवत नव्हतं. बंदुका आल्या होत्या.

मी त्याचा शेजारी, गोविंदा फणीवाला. शिंगाच्या फण्या करतो. आता कळलं ना माझं दुखणं? कापसाला सोन्याचा भाव आलेला, वलगावपासून मोर्शीपर्यंत ज्याच्या त्याच्या बायकोला नवी फणी हवी, आणि मला धड शिंग मिळेना. मिळेल ते किडलेलं नाहीतर तडकलेलं. आणि भिंतीपलीकडे चाळीस शिंगं, काळीभोर, लांबलचक, कामाधामाविना लोळत पडलेली! जळायचो मी. खोटं कशाला बोलू? पानातला घास गोड लागत नसे.

त्यांचे लाड तर बघवत नसत. रोज सकाळी चाचा एकेक शिंग बोटाच्या पेरानं ठोकून कान लावायचा. "हे बोलून राहिलं. हे आज रुसलं." मग तेलाचा हात, कडुनिंबाचा ताजा पाला. नसांच्या जुड्या आढ्याला टांगलेल्या, सरस मडक्यात तोंड बांधून ठेवलेला. उंदीर सरस खातो म्हणून उंदराशी वैर, मांजर नस पळवते म्हणून मांजराशीही. बाकी घरात वैर करायलाही कोणी नव्हतं.

एकदा एक कापसाचा व्यापारी आला. पेठेत कापूस ठेवायला जागा उरली नव्हती. देवळाच्या ओवरीतसुद्धा गंजी लागल्या होत्या. "खोली दे, मागशील ते देतो," म्हणाला.

"कापसात उंदरं येतेत शेठ. मायी शिंगं कुठी जातीन?"

"फेकून दे की!"

चाचानं त्याच्या तोंडावर दार लावलं. झालं, गल्लीनं चाचाला डोक्यावर घेतलं. माझी बायकोही त्यांतलीच. "तुमच्याच्यानं झालं असतं का असं?" तिनं विचारलं. त्या दिवशी माझ्या हातून दोन फण्यांचे दात मोडले.

मग पुतणीच्या लग्नासाठी चाचा आठ दिवस अकोल्याला निघाला. खोलीची किल्ली त्यानं माझ्याच हातात ठेवली. "गोविंदा, तुयाशिवाय कोनाले शिंगातलं समजते? पाला बदलत जाय. ऊन नको लागू देऊ."

तीन दिवस मी इमानानं पाला बदलला. चौथ्या दिवशी नियत फिरली. शिंगं सुतळीनं जोडीजोडीनं बांधलेली होती. एका म्हशीची दोन शिंगं एकाच धनुष्याला लागतात, नाहीतर दोन्ही बाजू सारख्या वाकत नाहीत. हे मला ठाऊक होतं. पण फणीवाल्याची अक्कल! आम्हाला शिंग दिसतं ते सुटंच. चाळीसातलं एक, कुणाला कळतंय, म्हणत सगळ्यांत देखणं तेवढं सोडवलं आणि राहिलेल्याभोवती तीच सुतळी गुंडाळून ठेवली. शेकलं, दाबलं, आरी लावली. सात फण्या निघाल्या. जन्मात असं शिंग हाती लागलं नव्हतं.

चाचा परत आला तो पाय न धुताच खोलीत शिरला. भिंतीपलीकडून ठकठक ऐकू येत होती. मग ती थांबली. थोड्या वेळानं तो माझ्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"कसं निघालं?"

मी सातही फण्या पुढे केल्या. त्यानं एक उन्हाकडे धरली, दातांवरून अंगठा फिरवला.

"आतून असं हाये व्हय! इतकी वरसं म्या बाहेरूनच पायलं."

"मारा मले चाचा. चोरी केली म्या."

"काहून केली?"

"जळत होतो तुमच्यावर."

चाचा हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला.

"मायावर? अरे बावा, मी तुयावर जळून राहिलो! तुया दारी दिवसभर बाया येतेत, भांडतेत, हासतेत. मी भिंतीले पाठ लावून आयकत बसतो. माया दारी कोन येते? शिंगं ठेवली हायेत तवरक वाटते, येईन कोनी तरी कमान मांगाले."

मला मान वर करवेना. तो उठला, घरी गेला आणि उरलेलं शिंग घेऊन आला.

"याची कमान आता होत नाई. काप."

मी आरीला हात लावला नाही. त्यानंच ती उचलून माझ्या हातात दिली आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसला.

"काप, काप. मी इथीच बसतो. बाया आल्या का मले सांगू दे, शिंग कोनाचं हाये ते."