बहियेच्या मागल्या आसाची मोहीम

पृथ्वीचा भार जो कुरकुर न करितां वाहतो त्यास नमन करोन हकीकत लिहिली जाते ऐसीजे. मिसर देशीं तांता मुक्कामी इंजिनांचे कारखान्यात उस्ता वनीस नामे नामजाद चालक होते, आणि बहिया नामे त्यांचे इंजिन होते, आणि मातुश्री कालव्यापलीकडे कफ्र तूत गावीं राहात होत्या. पुत्राने एकवार आपले इंजिन घेऊन गावचे फलाटास लागावे, इतकीच त्यांची उमेद. उस्तांची नोकरी सरत आली होती, आणि कालव्याचा पूल जुना, चाकांचे एका आसावर सोळा टनांउपर भार घेत नसे.

ते सालीं कोळसा दुर्मिळ जाहला. मग सरकारांतून हुकूम आला की इंजिनांनी तेल जाळावे, आणि वजन नव्याने करोन जें हलके ठरेल त्यास कालव्याचा मार्ग द्यावा, बाकींनी यार्डात डबे ढकलावे. उस्तांनी तात्काळ मातुश्रींस सांगावा धाडिला की, कोळसा गेला, बहिया हलकी जाहली, रविवारी येतों.

तेलाची ज्वाळा तीव्र. भट्टीस आंतून विटा लावणे प्राप्त. ते कामी मुअल्लिम अब्दुल मौजूद गवंडी यांची नेमणूक जाहली. त्यांची हयात पावाच्या भट्ट्या बांधण्यात गेली होती.

मग रुश्दी एफेंदी तपासनीस काटा घेऊन चालोन आले, आणि मागला आस साडेसोळा टन भरला. कारखान्यात हाहाकार जाहला.

उस्ता म्हणाले, "कोळसा उतरला आणि वजन चढलं? तुमचा काटा पोटभर जेवून आलाय का, एफेंदी?"

"कोळसा मागच्या टेंडरात, त्या जोडडब्यात असायचा, उस्ता. इंजिनाच्या पाठीवर तो कधी बसलाच नव्हता. विटा मात्र नेमक्या मागल्या आसावर बसल्यात. पण विटांचा हिशेब मी धरला होता. हा वरचा अर्धा टन कुठला?"

मग भट्टीचा दरवाजा उघडोन विटा उचलिल्या, तों खाली वाळू, मीठ आणि फुटक्या काचा यांचा जाड थर निघाला.

"तळ आहे तो," मुअल्लिम म्हणाले. "तळाशिवाय भाकरी वरून कच्ची आणि खालून कोळसा."

"इथं भाकरी कोण भाजणार आहे?" एफेंदींनी पुसिले.

समस्त मंडळी छपराकडे पाहों लागली. कां की पीठ मळोन तयार होते.

मुअल्लिमांनी भट्टीत ठाण मांडिले. "तळ काढायचा तर माझ्यासकट काढा."

"तुझं वजन आणखी वेगळं," उस्ता म्हणाले. मग आवाज उतरवोन बोलिले, "अब्दू, म्हातारी रविवारी फलाटावर येऊन बसेल. तुझ्या काचांपायी तिला उन्हात वाट बघायला लावू?"

मुअल्लिम बाहेर आले आणि तह जाहला. वाळू चाळोन पुढील वाळूपेटीत भरावी, जी ओल्या रुळांवर चाकांखाली सोडितात, आणि पुढल्या आसावर भारास जागा होतीच. मीठ स्वयंपाकास द्यावे. काचा मुअल्लिमांनी सन्मानें घरीं न्याव्या. पुन्हा वजन जाहले. मागला आस सोळांचे आंत केसभर उतरला आणि एफेंदींनी शिक्का केला.

रविवारी बहिया पुलावरोन मुंगीचे चालीने गेली. पूल कण्हला, पडला नाही. कफ्र तूत मुक्कामी तेल बंद करोन तप्त विटांवर भाकरी भाजिली, आणि उस्तांनी पहिली मातुश्रींचे हाती दिली. त्यांनी इंजिन आपादमस्तक पाहिले, मग भाकरी उलटोन पाहिली.

"इंजिन झकास आहे रे. हिला मात्र खालून कुणी जाळलं?"

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली: आस सोळांचे आंत, पूल सलामत, मातुश्री संतुष्ट. भाकरीचा तळ करपला, तो भट्टीस तळ नव्हता म्हणोन करपला, ही गोष्ट मुअल्लिम अब्दुल मौजूद यांचे आग्रहावरोन येथे खास नमूद केली असे.