कंटाळ्याची साथ

विकास नगरात कंटाळ्याची साथ पसरली ती वासंतीमुळे, आणि हे वासंतीला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं.

झालं असं, की सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर निगमांनी मनावर घेतलं: परमुलखातून लखनौला आलेल्या माणसांची दुखणीखुपणी त्यांच्यातल्याच कुणीतरी विचारायची. परक्यापुढं माणूस मोकळा होत नाही. मराठी घरांसाठी त्यांनी वासंतीला निवडलं. नवऱ्याच्या बदलीपायी साताऱ्याहून आलेली ही बाई आता खांद्याला झोळी लावून रिक्षानं हिंडू लागली. इतकी वर्षं ती बँकेतल्या नंदकुमारची बायको होती, आता रिक्षावालासुद्धा 'मॅडम' म्हणायचा.

दारोदार उत्तर मात्र एकच. "तसं काही नाही गं, नुसता कंटाळा येतो बघ."

सोमवारच्या बैठकीत तिनं ते जसंच्या तसं मांडलं. "डॉक्टरसाब, सबको कंटाळा आता है."

डॉक्टर सावरून बसले. "कंटाला? आता है, मतलब जाता भी है?"

"हाँ, मेहमान आए तो जाता है."

"बुखार?"

"नहीं. जम्हाई आती है, अंग ढीला पड़ता है. दोपहर को जास्ती."

"अरे, आलस होगा."

वासंतीला राग आला. "आलस कैसा? सब काम करती हैं बेचारी! करते करतेच आता है!"

डॉक्टरांचे डोळे लकाकले. "कमाल है, वासंतीजी! हमारे स्टाफ को तो यह कभी मिला ही नहीं!"

वासंती मनातल्या मनात कंटाळ्याला हिंदी शब्द शोधत होती. एवढं कौतुक कानावर पडल्यावर तिनं शोधणं सोडून दिलं.

मग काय विचारता! फवारणीवाले आले आणि मराठी घरांच्या भिंती पांढऱ्या करून गेले. दूधवाला भैया फाटकाबाहेरूनच हात लांबवून भांड्यात धार धरू लागला. बँकेत मॅनेजरनं नंदकुमारला हळूच विचारलं, "आपको तो कंटाला नहीं है न?"

नंदकुमार पडला सरळ माणूस. "आता है साहब, रोज लंच के बाद."

त्याला तिथल्या तिथं सक्तीच्या रजेवर धाडलं. घरी बसून त्याला खराखुरा कंटाळा आला.

"अगं, सांगून टाक त्या डॉक्टरला!" तो म्हणाला.

"सांगते की. मग झोळी काढून घेतील, आणि मी पुन्हा बसते भाजी निवडत."

पण दिल्लीहून मोठे डॉक्टर येऊन सगळ्यांचं रक्त काढणार अशी खबर आली. शेजारच्या मालिनीकाकू सुईच्या धास्तीनं जेवेनाशा झाल्या, तेव्हा मात्र वासंतीला राहवेना. संध्याकाळी ती निगमांच्या घरी गेली. डॉक्टर यायचे होते. निगमबाईंनी दार किलकिलं केलं आणि पदर नाकाशी धरला.

"आप वहीं से बोलिए."

"भाभीजी, ये बीमारी नहीं है," वासंती उंबऱ्याबाहेरूनच सांगू लागली. "साहब ऑफिस जाते हैं, बच्चे स्कूल. बर्तन हो गए, कपड़े हो गए. फिर घर में बैठो और पंखे की तरफ देखो. बोलने को कोई नहीं. और बोले तो सुनने को कोई नहीं. उसको हम कंटाळा बोलते हैं."

निगमबाईंचा पदर हळूहळू खाली आला.

"अलमारी के कपड़े निकालकर फिर वही तह लगाने का मन होता है?"

"होता है."

"शाम को वे आएँ, अखबार खोल लें, तब और बढ़ जाता है?"

"तब तो बहुतच!"

निगमबाई दारातल्या वेताच्या मोढ्यावर मटकन बसल्या. वासंतीला त्यांनी हात धरून आत ओढलं आणि शेजारी बसवलं. तेवढ्यात फाटक वाजलं. डॉक्टर काखेत वर्तमानपत्र धरून आले.

"वहीं रुकिए!" निगमबाई कडाडल्या. "मुझे कंटाला है."

डॉक्टर पायरीवरच थबकले. "तुम्हें? कब से?"

"ब्याह से."

डॉक्टरांनी वासंतीकडं पाहिलं. वासंतीनं छताकडं पाहिलं. मग त्यांनी वर्तमानपत्र पायरीवर ठेवलं, स्वतःही तिथंच टेकले आणि घसा खाकरून म्हणाले,

"वासंतीजी, दिल्लीवालों को मैं मना कर दूँगा. आप काम चालू रखिए. शुरुआत यहीं से कीजिए. मैं पूछूँगा तो ये बताएँगी नहीं."