फलाटाला न लागलेलं यान

एका जंगलात, पोरांनो, एक पडदा होता. तो तिथं कुणी बांधला ते विचारू नका. गोष्टीत बोलणारा कोल्हा चालतो तुम्हाला, मग पडदाही चालवून घ्या.

त्या पडद्यावर रोज संध्याकाळी एकच सिनेमा लागायचा. त्यात आभाळात उडणारं एक भलंमोठं यान होतं. आणि एक अवकाश स्थानक होतं. बैलगाडीच्या चाकासारखं गोल, आणि गरागरा फिरणारं. यान यायचं, स्थानकाला चिकटायचं, आतून माणसं उतरायची. त्या माणसांचं पुढं काय व्हायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नायिका जगली की मेली, बघतो कोण? सगळ्यांचे डोळे यानावर.

सिनेमा संपला की खरी मजा सुरू व्हायची. हरबाजी कोल्हा पुढं यायचा, शेपटीनं पडदा झटकायचा आणि समजावून सांगायचा.

"मंडळी, स्थानक फिरतं कशाला? तर फिरतं म्हणून आतल्यांचे पाय जमिनीला चिकटतात. पाण्यानं भरलेली बादली गरगर फिरवली तर पाणी सांडतं का?"

"नाही!" सगळे ओरडायचे.

त्या जंगलात बादली कुणी बघितली नव्हती, ते सोडा.

दुसरा शहाणा होता दाजीबा रानगवा. तो एकदा वाट चुकून जंगलाच्या कडेला गेला होता आणि त्यानं लांबून एसटीचं स्टँड बघितलं होतं. तेवढ्यावर तो आयुष्यभर बोलत होता.

"स्थानक म्हटलं की फलाट आला," दाजीबा म्हणायचा. "ह्या स्थानकाला फलाट कुठं आहे? चौकशीची खिडकी कुठं आहे? आणि यान तोंडानं लागतं की पाठीनं?"

"दाजीबा, हे अवकाश स्थानक आहे. एसटीचं नव्हे."

"स्थानक ते स्थानक. पाटीवर तेच लिहितात."

झालं. जंगलात दोन तट पडले. एक चाकवाले, एक फलाटवाले. ते एकमेकांना रामराम घालेनात. एका सशिणीनं तर पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं, का तर व्याही फलाटवाला निघाला.

आता नदीकाठी चला. तिथं बिळात धुरपा घूस राहायची. तिला नुकतीच पिल्लं झाली होती. डोळेसुद्धा न उघडलेली, बोटाएवढी, गुलाबी.

त्या नदीला दरसाल पूर यायचा. पूर आला की सगळे एका तराफ्यावर बसून पलीकडच्या टेकाडावर जायचे. तराफा सगळ्यांचा. म्हणून पुराआधी सगळ्यांनी मिळून तो बांधायचा आणि बांधून झाला की एका पंगतीला जेवायचं. याला इर्जिक म्हणतात. यंदा इर्जिकीला कुणी आलंच नाही. जुने वेल कुजले होते आणि बांबू सुटे होऊन पडले होते.

धुरपा सभेत जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हरबाजी, डोंगराकडं आभाळ काळं झालंय. तराफा बांधायचा कधी?"

"बस गं अक्का जरा. यानाचं दार 'स्स्' करून उघडतं, त्याची चर्चा चाललीय."

"पाणी 'स्स्' करून येत नसतं. माझी पोरं अजून आंधळी आहेत. ती काय पोहत जाणार?"

"अगं, पुराला अजून अवकाश आहे."

"अवकाश, अवकाश! डोक्यात दुसरं काही उरलंच नाही तुमच्या. एवढे शहाणे आहात तर सांगा, त्या गोल घरात मोरीचं पाणी कुठं जातं?"

मोरी कुणी बघितलीच नव्हती. मग जी चर्चा पेटली म्हणता! पाणी चाकाबरोबर फिरतं म्हणाले, पाणी आभाळात सांडतं म्हणाले, त्या लोकांना अंघोळच नसते म्हणाले. तराफा राहिला तिकडंच.

धुरपानं कपाळावर हात मारून घेतला. पण त्यातून तिला एक उमजलं. या लोकांना काम सांगायचं नाही. यांना चूक सांगायची.

पुढच्या खेळाला ती पडद्याजवळ जाऊन बसली. यान स्थानकाला चिकटलं तशी मोठ्यानं म्हणाली, "ही जोडणी खोटी आहे."

"कुठली?"

"हीच. एक हिसका दिला की सुटेल. माझी आजी याच्यापेक्षा बरी गाठ मारायची, आणि ती लुळी होती."

हरबाजीची शेपटी फुलली. दाजीबानं शिंगं खाली केली. चाकवाले आणि फलाटवाले जन्मात पहिल्यांदा एका बाजूला झाले.

"सुटेल? तीन पाकळ्या आत, तीन बाहेर आणि वर पीळ! तुला दिसतं तरी का गं?"

"मला दिसतं. तुम्ही करून दाखवा. तराफ्याचे बांबू पडलेत तिकडं. नाही सुटली तर नाव बदलीन."

सगळी सभा उठली. वेल तोडले, सोलले, वळले. तीन पाकळ्या आत, तीन बाहेर, वर पीळ. गाठी पक्क्या बसल्या, खोटं कशाला बोलू? दाजीबानं शिंग अडकवून ओढलं. अख्खा तराफा सरकला, गाठ सुटली नाही.

"बदल आता नाव!" हरबाजी नाचत म्हणाला.

"बदललं. आजपासून मला मूर्ख म्हणा," धुरपा म्हणाली आणि बिळाकडं पळाली.

एकेक पिल्लू तोंडात धरून ती काठावर आणत गेली. शेवटचं आणलं आणि बघते तर तराफा पळसाच्या पानांनी झाकलेला. जिकडं तिकडं पानच पान.

"हे काय?"

"जागा धरल्यात," हरबाजी म्हणाला. "एसटीत रुमाल टाकतात, दाजीबा सांगत होता. आमच्याकडं रुमाल नाहीत, आम्ही पानं टाकली."

"मग बसा की."

"असं कसं? आधी फलाट बांधू. यान फलाटाला लागल्याशिवाय चढायचं नसतं."

काठावर खरंच दाजीबा चिखल तुडवून फलाट करत होता. "तोंडानं लावायचं!" तो ओरडत होता. "पाठीनं!" हरबाजी ओरडत होता. तराफ्याला तोंड नसतं आणि पाठही नसते. पण ते सांगणार कोण?

"आणि माझ्या पोरांना जागा?" धुरपानं विचारलं.

"पानं पडलीत ना अक्का. तू आधी यायचंस."

तेवढ्यात पाणी आलं. मातकट, फेसाळ, ओंडके घेऊन आलं. पिल्लांच्या पायाला लागलं तशी ती चिरकली.

"अरे चढा!" धुरपा जीव तोडून ओरडली. "फलाट गेला खड्ड्यात, चढा!"

"चढतो, चढतो. अजून अवकाश आहे."

धुरपानं पिल्लांकडं बघितलं. पानांकडं बघितलं. मग तराफ्यावर उडी मारली आणि शेपटीनं सगळी पानं नदीत लोटली. पिल्लं उचलून ठेवली. दोन म्हातारे ससे बसले, एक बहिरं साळिंदर बसलं. त्यांना सिनेमा कधी कळलाच नव्हता, म्हणून ते मोकळे होते. काठाला बांधलेला वेल तेवढा राहिला होता. घुशीला देवानं दात कशाला दिलेत? कुरतडला.

तराफा मध्यावर गेला तेव्हा काठावर फलाट विरघळला होता. पाणी दाजीबाच्या पोटाला लागलं होतं आणि हरबाजी दाजीबाच्या पाठीवर उभा होता.

"धुरपे! तिथं आमच्या जागा होत्या! पानं टाकली होती आम्ही!"

"पानं कधीच गेली पुढं. आज तुमच्याआधी पोचतील."

"मागं आण ते यान!"

"आणते की," धुरपा पिल्लांना पोटाशी घेत म्हणाली. "अजून अवकाश आहे."

घाबरू नका, कुणी बुडलं नाही. बाकीची सभा मिळेल त्या झाडावर चढून बसली होती. पाणी दाजीबाच्या गळ्यापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. तेव्हा हरबाजी त्याच्या कानात म्हणाला, "दाजीबा, मोरीचं पाणी कुठं जातं ते मला आत्ता सुचलं."

तात्पर्य: चिकित्सा करणाऱ्यांना हसू नये, पोरांनो, आणि त्यांना मध्येच उठवू तर मुळीच नये. ते फलाटावर भांडत बसतात, म्हणून आपल्या पोरांना तराफ्यावर पाय पसरून झोपता येतं.