इस्त्रीला आगळ पाजलं, त्याची गोष्ट

घरातली बिघडलेली वस्तू बाहेर दुरुस्तीला देणं हा मी माझ्या शिक्षणाचा अपमान समजतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. गेली बावीस वर्षं ऑफिसात फक्त पॉवरपॉइंट दुरुस्त करतो, ही गोष्ट वेगळी. पदवी ती पदवी!

त्यामुळे शनिवारी सकाळी आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुनेत्राने, बाहेरच्या खोलीतून हाक मारली, "अहो, ही इस्त्री वाफेऐवजी खडू ओकतेय!" तेव्हा मी ताबडतोब स्वेटर काढला आणि बाह्या सरसावल्या. जानेवारीत ग्रेटर नोएडात स्वेटर काढायला काय लागतं, ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक.

रोग उघड होता. आमच्या टॉवरच्या नळाला पाणी येत नाही, पातळ केलेला दगड येतो. इतर गावांत लोक लिफ्टमध्ये हवापाण्यावर बोलतात, आम्ही टीडीएसवर, म्हणजे पाण्यातल्या क्षारांच्या आकड्यावर बोलतो. बादलीला क्षार, नळाला क्षार, गीझरला क्षार. गेल्या दिवाळीत मी अंघोळ करून आलो तर टॉवेलचा करकर आवाज आला होता. असलं पाणी वर्षभर पिऊन त्या स्टीम इस्त्रीच्या पोटात मुतखडेच झाले होते. तळाची निम्मी भोकं बुजली होती आणि उरलेल्यांतून पांढऱ्या कपच्या पडत होत्या.

आता प्रसंगाचं गांभीर्य. दुसऱ्या दिवशी पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकापाशी आमच्या मराठी मंडळाच्या अकरा बायका समरगीत म्हणणार होत्या. सात वर्षं मागच्या रांगेत उभी राहिल्यावर सुनेत्राला या वेळी पहिल्यांदा पुढे उभं राहून गाणं उचलायचं होतं. अकराजणींना एकसारख्या पांढऱ्या, केशरी काठाच्या साड्या हव्यात, हा हट्टही तिचाच. त्या करोल बागेतून तिनेच आणल्या होत्या. गठ्ठ्यात दबून त्यांना अशा घड्या पडल्या होत्या, की उलगडल्यावर नकाशा वाटावा. आणि खालचा प्रेसवाला संक्रांतीला, म्हणजे त्याच्या खिचडीच्या सणाला, गावी गेलेला!

"संध्याकाळी पाचला सगळ्याजणी साड्या न्यायला येणार," सुनेत्रा म्हणाली. "आणि आमच्यातली ती रसिका आधीच म्हणतेय, 'बघू हं, नवीन लीडरला झेपतंय का.' तुम्हाला जमेल ना? नाहीतर मी शेजारून इस्त्री आणते."

"शेजारून? अगं, एक तास दे. नवी करून देतो!"

नेटवर व्हिनेगर वापरा असं लिहिलं होतं. घरात व्हिनेगर नव्हतं. शेजारचे गुप्ताजी दारातून म्हणाले, "भाईसाब, नींबू डाल दो." मी नुसतं हसलो. ज्याची आई पितळेची भांडी आमसुलाने घासून आरशासारखी करायची, त्याला लिंबू सांगता? क्षाराला हवं आम्ल. आणि आमच्या फ्रिजमध्ये रत्नागिरीहून आलेली कोकमच्या आगळाची अख्खी बाटली होती!

"बाबा, आगळ म्हणजे?" मयुराने विचारलं. ती आमची कन्या. वय पंधरा, जन्म नोएडाचा.

"सोलकढीत घालतो ते."

"यू मीन, तुम्ही इस्त्रीत सोलकढी घालताय?"

"नारळाचं दूध नाही घालत," मी शांतपणे म्हणालो. "फक्त शास्त्र घालतोय."

आगळ गाळलं, टाकीत ओतलं, तापमान पूर्ण वर नेलं. आतून फस्स असा आवाज आला. क्षार विरघळत होता! मग प्लग काढून इस्त्री सिंकवर आडवी धरली आणि बटण दाबलं. जे बाहेर आलं त्याने सिंकमध्ये खून झाल्यासारखं दिसायला लागलं. पण त्या रक्तात पांढरे खडे होते, चांगले वाटाण्याएवढे! मी विजयी मुद्रेने ते वेचून वाटीत ठेवले आणि सुनेत्राला दाखवायला नेले. सर्जन नातेवाइकांना दाखवतात तसे.

नंतर टाकी दोनदा साध्या पाण्याने खंगाळली. जुन्या बनियनवर वाफ सोडून पाहिली. स्वच्छ!

"आण साड्या!"

पहिली साडी सुनेत्राची. पदर अंथरला, बटण दाबलं, सुंदर वाफ आली. दुसऱ्यांदा दाबलं, आणि इस्त्रीने खाकरल्यासारखं केलं. पदरावर पाच गुलाबी ठिपके!

इथे शहाणा माणूस थांबला असता. पण मला वाटलं, शेवटचा थेंब असेल, आता थांबेल. पुढे सरकलो. पुन्हा पाच. आता नक्की थांबेल! पुन्हा पाच. मी निर्धाराने पदरापासून निऱ्यांपर्यंत गेलो. साडी संपली तेव्हाच ठिपके संपले.

सुनेत्रा आत आली. तिने पदर उचलून उजेडात धरला.

"अहो, पानिपत उद्या होतं ना?"

"धुतलं की जाईल गं!" मी घाईघाईने एका ठिपक्याला साबण लावला. तो निळसर झाला.

"लिटमस!" मयुरा आनंदाने ओरडली. "बाबा, हे आमच्या सिलॅबसमध्ये आहे! लिंबू लावा, परत पिंक होईल."

लिंबू लावलं. झालं पिंक. शास्त्र जिंकलं, साडी तशीच राहिली. सुनेत्राने साडीच्या दुकानदाराला फोन केला. "मैडम, वो लास्ट लॉट था," तो म्हणाला.

"ही साडी रसिकाला देऊन टाकू या," मी सुचवलं. सुनेत्राने या प्रस्तावावर जरा जास्तच वेळ विचार केला, असं मला वाटलं. पण तेवढ्यात रसिकाचाच व्हिडिओ कॉल आला आणि मयुराने तो, आजच्या पिढीच्या तत्परतेने, उचलला.

"सुनेत्रा, झाल्या का गं साड्या... अय्या! हे बुट्टे कधी आले?"

मी डोळे मिटले. पण सात वर्षं मागच्या रांगेत काढलेली बाई अशी हरत नसते.

"आवडले?" सुनेत्रा म्हणाली. "प्लेन फार कोरं दिसत होतं. यांनी घरीच केले. नैसर्गिक रंग आहे."

"पद्माकर भाऊजींनी? काय सांगतेस! सगळ्यांच्या साड्यांवर आहेत ना? एकसारखं हवं, तूच म्हणाली होतीस हं!"

"सगळ्यांच्या," सुनेत्रा म्हणाली आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळली. दुपारचा एक वाजला होता. "दहा साड्या. चार तास. करा सुरू."

यात अवघड काय होतं? इस्त्री होती, उरलेलं आगळ होतं, आणि खराब करण्यात माझा हातखंडा सिद्ध झाला होता. मी टाकी भरली, दुसरी साडी अंथरली आणि बटण दाबलं.

भुस्स! शुभ्र, निर्मळ, ढगासारखी वाफ. ठिपका एक नाही!

पुन्हा दाबलं. इस्त्री हलवली. तिरकी केली. तिला थोपटलं. "थुंक ना गं बाई," असंही म्हणालो. पण आत अडकायला क्षाराचा कणसुद्धा उरला नव्हता. एकूण एक भोक मोकळं, वाफ जाहिरातीत दाखवतात तशी! गेल्या बावीस वर्षांत मी हाती घेतलेल्या कामांपैकी हे एकच शंभर टक्के यशस्वी झालं होतं, आणि ते आज, एक वाजून दहा मिनिटांनी.

पुढचे पावणेचार तास मी जमिनीवर बसून, जुना टूथब्रश आगळात बुडवून दहा साड्यांवर ठिपके मारत होतो. अंतर फूटपट्टीने मोजलं. प्रत्येक ठिपक्याला कापसाने काठ दिला. माझी पाठ धनुष्यासारखी वाकली आणि बोटं हळदीकुंकवाला बसल्यासारखी दिसायला लागली. पाचला बायका आल्या, साड्या घेऊन "कित्ती छान!" म्हणत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुनेत्राने गाणं असं उचललं की थंडीत काकडणारे लोक टाळ्यांसाठी खिशातून हात बाहेर काढू लागले. मागच्या रांगेतल्या बायकासुद्धा मागच्या रांगेत असल्यासारख्या दिसल्या नाहीत. माझा ऊर भरून आला.

कार्यक्रम संपल्यावर रसिका माझ्याकडे आली. आधी सुनेत्राच्या पदराकडे बघितलं, मग स्वतःच्या.

"भाऊजी, रागावू नका हं, पण बायकोची साडी काय मन लावून केलीत! आणि आमच्या नुसत्या उरकल्यात!"